आरोग्यविचार : लांबलेली उन्हाळी

लघवीच्या जळजळीला आपल्या घरांतून एक सुटसुटीत नांव आहे : उन्हाळी. वैशाखांतलीं लग्नकार्यें उरकून मंडळी परतली, कीं कोणाला ना कोणाला उन्हाळी लागलेली असते. आजीबाई धने-जिऱ्याचें पाणी करून देतात, सब्जा भिजत घालतात, आणि दोन दिवसांत जळजळ थांबली म्हणजे निदान व उपचार दोन्ही बरोबर ठरतात. आमचें त्या शब्दाशीं भांडण नाहीं. उन्हांत अंगांतील पाणी घामावाटे जातें, लघवी थोडी व दाट होते, आणि ती होतांना चुणचुणते, हें कोणीहि मान्य करील. भांडण आहे तें पुढच्या गोष्टीशीं. मृग लागतो, गणपति येऊन जातात, दिवाळीचा फराळ संपतो, तरी जळजळ कायम असते. आणि घरांत तिचें नांव मात्र उन्हाळीच राहतें.

हा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे, असें आमच्या कांहीं वडील वाचकांस वाटेल. त्यांची क्षमा मागून आम्ही तो काढीत आहों. कारण तो न बोलल्यामुळें काय होतें, हें गेल्या दोन वर्षांत आम्हीं आपल्याच आप्तांत दोनदां पाहिलें.

पहिली हकीकत आमच्या थोरल्या काकूंची. वय ६१, प्रकृतीनें काटक. भाचीच्या लग्नाहून बसनें परत येतांना त्यांनीं सहा तास लघवी रोखून धरली. वाटेंतील शौचालयाचें दार उघडून त्यांनीं आंत पाहिलें, आणि तशाच परत येऊन जागेवर बसल्या. दुसऱ्या दिवसापासून जळजळ, दर अर्ध्या तासानें जाण्याची घाई, आणि गेल्यावर चार थेंब. ही पहिली लागण खरोखरच जंतूंची होती. तपासणींत जंतु निघाला, नेमकें औषध मिळालें, पांच दिवसांत काकू बऱ्या झाल्या. तीन आठवड्यांनीं पुन्हां तेंच. या खेपेस तपासणी कोणी केली नाहीं. पुतण्याच्या कपाटांत गोळ्यांची उरलेली पट्टी होती, ती त्यांनीं घेतली. तिसऱ्या खेपेस औषध फोनवरून सांगितलें गेलें, चौथ्या खेपेस त्याहून जहाल. मग एकदांची तपासणी झाली ती अगदीं निर्मळ आली, आणि एका दवाखान्यांत त्यांस सांगण्यांत आलें, कीं 'आतां कांहीं राहिलेलें नाहीं, मनावर घेऊं नका.' तोंपर्यंत आठ महिने लोटले होते. काकूंनीं दुपारीं चारनंतर पाणी पिणें सोडलें होतें, गुरुवारचें भजन सोडलें होतें, आणि कोणी प्रवासाचें नांव काढलें कीं त्या उठून आंत जात. घरांत आम्ही अकरा माणसें. त्यांपैकीं हें ठाऊक होतें तें एकट्या धाकट्या वहिनींस. आणि आम्हांस कळलें तें त्या न राहवून बोलल्या म्हणून.

जळजळ हें नुसतें लक्षण झालें. चरकसंहितेंत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत. जुन्या वैद्यांनीं ज्याचे आठ भाग पाडले त्याला आपण घरांत एकच शब्द ठेवला, आणि अलीकडे त्या शब्दाला एकच गोळी चिकटविली. गोळीनें गुण आला नाहीं म्हणजे दुसरी, अधिक महाग. मूळ कारणच निराळें असेल ही शंका सर्वांत शेवटीं येते. पुष्कळदां येतच नाहीं.

जंतूंची लागण हें सर्वांत नेहमींचें कारण, हें निर्विवाद आहे. थिओडोर एशेरिक यांनीं १८८५ सालीं तान्ह्या मुलांच्या शौचांत जो जंतु वर्णिला, तोच येथें बहुतेक वेळां अपराधी असतो. आंतड्यांत तो निमूटपणें नांदतो; मूत्रमार्गानें वर चढला कीं उपद्रव देतो. स्त्रियांचा हा मार्ग सुमारें ४ सेंटिमीटर लांब, पुरुषांचा सुमारें २०. हा त्रास स्त्रियांनाच कां अधिक, याचें उत्तर पुष्कळसें या दोन आंकड्यांत आहे. (अस्वच्छतेवरून सासूबाईंनीं सुनांस आजवर जे टोमणे मारले असतील, ते परत घ्यावे अशी आमची विनंती आहे.)

योग्य औषध पोटांत गेलें कीं दोन-तीन दिवसांत उतार पडतो. आंतील अस्तर सुजलेलें असतें. तें पूर्ववत् होईपर्यंत आणखी थोडे दिवस किंचित् चुणचुण राहूं शकते, तिला भिण्याचें कारण नाहीं. परंतु तीन दिवसांत कांहींच फरक पडला नाहीं, किंवा गुण येऊन थोड्याच आठवड्यांत तेंच पुन्हां उद्भवलें, तर तीच गोळी पुढें ओढण्यांत अर्थ नाहीं. जंतु त्या औषधास जुमानीत नसेल. किंवा मुतखड्यासारख्या एखाद्या आडोशास दडून तो परत परत येत असेल. किंवा जंतु आतां उरलाच नसेल, आणि जळजळ दुसऱ्याच कशाची असेल. काकूंच्या बाबतींत खरें होतें तें तिसरें, आणि औषध चाललें होतें तें पहिल्याचें.

औषधास न जुमानणाऱ्या जंतूंची गोष्ट आपल्या देशांत विशेष गंभीर झाली आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गांतील ज्या गोळ्या एके काळीं डोळे मिटून देत, त्यांचा आज येथील पुष्कळ जंतूंवर परिणाम होत नाहीं. शिवाय या वर्गाच्या औषधांनीं पायाच्या टाचेमागील शीर तुटण्याचा धोका असतो, अशी ठळक सूचना अमेरिकेंतील औषधखात्यानें २००८ सालीं त्यांवर घालावयास लावली. आपल्याकडे २०१४ पासून कांहीं प्रतिजैविकें 'एच-१' परिशिष्टांत आहेत. तीं विकतांना दुकानदारानें चिठ्ठी पाहून नोंद करावी व ती ३ वर्षें जपावी, असा नियम आहे. पण घरच्या कपाटांत उरलेल्या पट्टीला कोण नियम लावणार? जळजळीवर मिळणाऱ्या क्षारयुक्त सरबताचीहि एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. त्यानें कांहींस बरें वाटतें, परंतु नायट्रोफ्युरँटॉइन ही या रोगावरील नेहमींची गोळी क्षारयुक्त लघवींत आपलें काम कमी करते. दोन्ही एकदम घेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

तपासणीविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण चुका होतात त्या येथेंच. लघवीची साधी तपासणी निराळी आणि कल्चर निराळें. साध्या तपासणींत पू, रक्त, साखर हीं दिसतात. कल्चरमध्यें जंतु वाढवून त्यास कोणतें औषध लागू पडेल तें पाहतात, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. नमुना औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वीं द्यावा. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक बाटलींत धरावी, बाटलीच्या आंतल्या बाजूस बोट लागूं देऊं नये. दोन तासांच्या आंत ती प्रयोगशाळेंत पोंचली पाहिजे. तें शक्य नसेल तर फ्रिजमध्यें ठेवावी. या शेवटच्या सूचनेवरून, फ्रिजमध्यें नैवेद्याचें दूध असतांना ही बाटली तेथें कशी, असा आमच्या घरीं वाद झाला, आणि तो मिटेपर्यंत दोन तास होऊन गेले.

अहवालांत एक लाखाचा आंकडा वाचकांनीं पाहिला असेल. एका मिलिलिटरांत एक लाख जंतु असतील तरच लागण मानावी, ही रेघ एडवर्ड कॅस या अमेरिकन डॉक्टरांच्या १९५६ च्या सुमाराच्या संशोधनावरून रूढ झाली. पुढें १९८२ सालीं वॉल्टर स्टॅम व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं जळजळीची स्पष्ट तक्रार असलेल्या स्त्रीच्या लघवींत शंभर जंतु निघाले तरी ते अर्थपूर्ण असूं शकतात. म्हणजे 'वाढ नगण्य' असा कागद आला, तरी दर वेळीं बाईचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. उलट, तक्रार कांहींच नसतांना कागदावर जंतु दिसले, तर गरोदर स्त्रीखेरीज इतरांस बहुधा औषध द्यावयाचें नसतें. घरांतील ऐंशीच्या पुढल्या माणसांस केवळ कागद पाहून गोळ्या सुरू होतात, तेव्हां ही गोष्ट अवश्य विचारावी.

लघवींत पू आहे पण जंतु मात्र वाढत नाहींत, असा अहवाल आला म्हणजे आपल्या देशांत एका रोगाची आठवण झालीच पाहिजे, ती क्षयाची. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश आपल्याकडे आहेत. फुप्फुसांतला क्षय बरा होऊन वर्षें लोटल्यावरहि त्याचा मूत्रपिंडांत दडलेला अंश डोकें वर काढूं शकतो, आणि त्याची पहिली खूण कित्येकदां हीच, वारंवार जाणें व जळजळ. नेहमींच्या कल्चरमध्यें हा जंतु वाढत नाहीं. त्यासाठीं लागोपाठ तीन दिवस सकाळची पहिली लघवी निराळी तपासावी लागते. घरांत पूर्वीं कोणास क्षय झाला होता ही गोष्ट आपण पाहुण्यांपासून लपवितों तें एक वेळ समजूं शकतें. डॉक्टरांपासून लपवूं नये.

आतां काकूंकडे वळतों. वहिनी त्यांस एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनीं अर्धा तास प्रश्न विचारले आणि मग तपासलें. आठ महिन्यांत काकूंस प्रत्यक्ष तपासणाऱ्या त्या पहिल्याच. पाळी गेल्यानंतर शरीरांतील इस्ट्रोजेन कमी होतें, त्यामुळें योनीचें व मूत्रमार्गाच्या तोंडाचें अस्तर पातळ व कोरडें पडतें. तेथें लघवी लागली कीं झोंबतें, आणि पूर्वीं जंतूंस अटकाव करणारे तेथील उपकारक जंतुहि नाहींसे होतात, म्हणून खरी लागणहि पुन्हां पुन्हां होते. दोन्ही दुखणीं एकमेकांच्या पदराआड लपतात. यावर उपाय म्हणजे त्याच जागीं लावावयाचें इस्ट्रोजेनचें मलम. गुण यावयास कित्येक आठवडे, कधीं तीन महिनेहि लागतात. पूर्वीं स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तें डॉक्टरांस आधीं सांगितलें पाहिजे. हें दुखणें इतकें नेहमींचें असून आपल्या घरांतील किती आज्या व काकू तें 'वयाचें' म्हणून सोशीत असतील, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

सगळ्यांस मलमानें गुण येणार नाहीं. कांहीं जणांच्या बाबतींत कल्चर खरोखर निर्मळ असतें, अस्तर चांगलें असतें, आणि तरी मूत्राशय भरूं लागला कीं ओटीपोटांत दुखतें व रिकामा झाला कीं क्षणभर हायसें वाटतें. बाल्टिमोर येथील स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनीं १९१५ सालीं अशा कांहीं स्त्रियांच्या मूत्राशयांतील व्रणांचें वर्णन केलें. सर्वांस व्रण असतातच असें नाहीं. आज यास मूत्राशयाचा वेदनाविकार म्हणतात, आणि तक्रार सहा आठवड्यांहून अधिक टिकली व दुसरें कारण सांपडलें नाहीं, तर त्याचा विचार होतो. चहा, कॉफी, तिखट, लिंबू यांनीं कित्येकांस तो वाढतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायु सतत आंवळून धरण्याची संवय लागली असेल तर त्यानेंहि अशीच कळ येते. त्यावर व्यायाम शिकविणारे लोक असतात, आणि तो व्यायाम आंवळण्याचा नसून सैल सोडण्याचा असतो. बद्धकोष्ठ असलेल्यांनीं तें आधीं दूर करावें. मधुमेहाच्या ज्या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांनीं बाहेरील त्वचेवर बुरशी येऊन खाज व आग होते, आणि तिलाहि उन्हाळीच म्हणतात. तरुण विवाहित जोडप्यांत संसर्गाचे कांहीं रोग असे आहेत, कीं साध्या कल्चरमध्यें ते दिसत नाहींत व एकट्यावर उपचार करून ते जात नाहींत. येथें दोघांचीहि तपासणी व्हावी लागते. याहून अधिक या पानावर लिहीत नाहीं.

पुरुष मंडळी हें सर्व बायकांचें म्हणून पान उलटणार असतील, तर त्यांनीं दुसरी हकीकत वाचावी. ती आमच्या मामांची. वय ६७, तारुण्यापासून सिगारेट. एका गणपतींत त्यांस एकदांच तांबडी लघवी झाली. दुखलें नाहीं, दुसऱ्या दिवशीं पाणी स्वच्छ. मोदकांनीं उष्णता झाली असेल म्हणून ते गप्प राहिले. पांच महिन्यांनीं जळजळ व वारंवार जाणें सुरू झालें. 'या वयांत प्रॉस्टेट असतेंच' हें त्यांस मित्रांनीं सांगितलें, आणि जंतूंवरील गोळ्या तीन वेळां झाल्या. तें सांगणें अगदींच चूक नव्हतें. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांची प्रॉस्टेट ग्रंथि वाढलेली असते. धार बारीक होते, मूत्राशय पुरता रिकामा होत नाहीं, आणि साचलेल्या लघवींत जंतु वाढतात. अशा माणसानें सर्दीची साधी गोळी घेतली तरी कधीं कधीं लघवी पार अडते. पण मामांची ती तांबडी लघवी त्या स्पष्टीकरणांत बसत नव्हती, आणि ती त्यांनीं कोणास सांगितलीच नव्हती. मामींनीं धोतरावरचा डाग पाहिला तेव्हां सोनोग्राफी झाली, मग दुर्बिणीनें आंत पाहिलें. मूत्राशयांत कर्करोगाची गांठ होती.

सुदैवानें ती वरवरची निघाली. मूत्रमार्गांतूनच उपकरण घालून ती काढली, बाहेर टांका नाहीं. नंतर आठवड्यास एकदां, असें सहा वेळां, मूत्राशयांत बी.सी.जी. सोडलें, क्षयाविरुद्ध तान्ह्या मुलांस टोंचतात तीच ही लस, आणि १९७६ पासून ती या कामीं उपयोगांत आहे. त्या उपचारानेंहि लघवीस जळजळ होतेच, पण या वेळीं मामांनीं ती रोजच्या रोज फोनवर सर्वांस कळविली. आतां ठराविक महिन्यांनीं दुर्बिणीची तपासणी असते. सिगारेट सुटली. या कर्करोगाचें सर्वांत मोठें कारण तीच आहे. न दुखतां आलेलें रक्त, एकदांच आलेलें असलें तरी, तें त्याच आठवड्यांत डॉक्टरांस सांगावें. थंडी वाजून ताप, पाठीच्या बाजूस कळ, ओकारी, किंवा लघवी अडणें यांपैकीं कांहीं झालें तर आठवड्याचीहि वाट पाहूं नये. त्याच दिवशीं जावें. गरोदर स्त्रीनें साध्या जळजळीसहि हाच नियम लावावा.

आपल्या घरांची रीतहि या दुखण्यास थोडी जबाबदार आहे, हें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. सणाच्या दिवशीं पुरणावरणाचा स्वयंपाक सोवळ्यांत करणारी बाई चार-चार तास उठत नाहीं, आणि उठावें लागूं नये म्हणून सकाळपासून पाणीहि पीत नाहीं. सकाळीं न्हाणीघराच्या रांगेंत सून शेवटची असते. मुली शाळेंतून येतात त्या दप्तर फेकून थेट शौचालयाकडे धांवतात, कारण तेथील जागा त्यांस जाण्यासारखी वाटत नाहीं. त्यांची पाण्याची बाटली तशीच भरलेली परत येते. पाण्याविषयीं एक चांगली कसोटी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली आहे. वारंवार लागण होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांस रोज दीड लिटर पाणी अधिक दिलें. वर्षभरांत त्यांस सरासरी १.७ वेळां लागण झाली, इतरांस ३.२ वेळां. म्हणजे आजीबाईंच्या धने-जिऱ्याच्या पाण्यांत निदान पाणी तरी खात्रीनें गुणकारी आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोगामुळें ज्यांस पाणी मोजून दिलें जातें, त्यांनीं मात्र आपल्या मनानें तें वाढवूं नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं तीन दिवसांची एक वही ठेवावी. किती वाजतां काय प्यालों, किती वाजतां लघवीस गेलों, मापानें किती झाली, जळजळ आधीं होती, होतांना होती कीं नंतर, एवढें लिहावें. मापासाठीं एक जुनें भांडें निराळें काढून ठेवावें. पूर्वीं कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या तें मागच्या पानावर लिहावें, आणि उसन्या घेतलेल्याहि प्रामाणिकपणें लिहाव्या. तोंडानें जें सांगतां येत नाहीं, तें कागद पुढें सरकवून सांगतां येतें.

काकूंनीं अशी वही ठेवली. पहिल्या तीन दिवसांत दिवसाकाठीं सात कप चहा व अवघे तीन पेले पाणी निघालें, आणि सकाळीं आठपासून दुपारीं दोनपर्यंतची जागा तिन्ही दिवस कोरी होती. त्या सहा तासांत त्या स्वयंपाकघरांतून बाहेर पडत नव्हत्या. आतां मधल्या वेळचें सर्व वहिनी पाहतात. तीन दिवस संपले तरी काकूंनीं वही बंद केली नाहीं. तीन महिने त्या लिहीत राहिल्या. परवां आम्हीं ती त्यांच्या परवानगीनें चाळली. शेवटच्या पानावर चहा नाहीं, पाणी नाहीं, माप नाहीं. एवढेंच लिहिलें आहे : 'वाडीस जाऊन आलें. बसनें. वाटेंत दोनदां उतरलें.'